डीटीपीच्या दुकानासाठी प्रोसेसर: जुना आय७ की नवा आय३? (बजेट ४० हजार)

अक्षरजुळणी:
जयसिंगपूरला माझे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुके आणि मुख्यतः वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स अशी कामे असतात. सध्याच्या संगणकात कोअर आय३-४१३० हा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. पूर्वी फ्लेक्सवर साहेब आणि चार-पाच कार्यकर्ते असत. आता चाळीस चेहरे असतात, प्रत्येकाच्या मागे सावली हवी असते, आणि अशी फाइल कोरल ड्रॉमध्ये उघडायला लावून मी चहा पिऊन येतो.

मॉनिटर, की-बोर्ड आणि यूपीएस सोडून ४० हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दुकानदाराने दोन पर्याय सुचवले आहेत: आय७-३७७० असलेला वापरलेला संच, किंवा नवा आय३-१२१००एफ. आय७ परवडत असताना आय३ घेणे म्हणजे पैसे मोजून मागे जाणे, असे त्याचे म्हणणे आहे. मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. संध्याकाळी तीही याच संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकेल. कोणता घ्यावा? एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचा विचार करावा का?

सोल्डरगन:
दुकानदाराने आपल्याला फक्त आडनाव सांगितले, वय सांगितले नाही. आय३, आय५, आय७ ही त्या त्या पिढीतली प्रतवारी आहे. पिढी कोणती ते पुढच्या आकड्यावरून कळते. ३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर आहे आणि १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. दोघांनाही चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, म्हणजे ज्या मोजमापावर 'आय७ मोठा' असे म्हटले जाते त्यात दोघे बरोबरीचे आहेत. उरला एकेका कोअरचा वेग, आणि तो नव्या आय३चा साधारण दुप्पट आहे. शिवाय ३७७० सोबत डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम येते, जी पुढच्या कोणत्याही संगणकात चालणार नाही. विंडोज १०ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे तो संच कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

मात्र नव्या पर्यायातले 'एफ' हे अक्षर नीट पाहावे. एफ म्हणजे प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले नाही, तर संगणक सुरू होईल आणि पडदा काळाच राहील. आपल्या कामाला वेगळे कार्ड लागत नाही, म्हणून एफ नसलेला साधा आय३-१२१०० मागावा.

थंड डोके:
प्रोसेसर निवडण्याआधी आजचा संगणक नेमका कशाची वाट पाहतो ते तपासावे, अशी माझी सूचना आहे. एखादी जड फाइल उघडताना विंडोजचा टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी खिडकी) शेजारी उघडा ठेवा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, दहा-पंधरा टक्क्यांवर दिसला, तर दोष प्रोसेसरचा नाही. सीपीयू २५ टक्क्यांच्या आसपास अडकून राहिला, तर त्याचा अर्थ 'अजून पाऊण ताकद शिल्लक आहे' असा घेऊ नये. आपल्या ४१३०ला चार थ्रेड आहेत. २५ टक्के म्हणजे बहुधा एक थ्रेड पूर्ण राबतो आहे आणि उरलेले तीन कट्ट्यावर बसले आहेत. अशा कामाला जास्त कोअर देऊन उपयोग नसतो, एकेक कोअर वेगवान लागतो.

प्रयोग म्हणून आजच्याच संगणकाला हार्ड डिस्कच्या जागी एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी वेगवान डिस्क) लावून पाहा. ती उद्या नव्या संगणकातही बसेल. जुन्यासाठी रॅम मात्र घेऊ नका, तीही डीडीआर३च आहे.

सहा कोअर:
रायझनची बाजूही मांडतो. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आणि आय३पेक्षा सरस अंगभूत ग्राफिक्स आहे. हलके गेमही खेळायचे असतील किंवा मुलगी पुढे अँड्रॉइडची ॲप बनवणार असेल, तर वाढीव कोअर आणि ग्राफिक्स दोन्ही उपयोगी पडतील. हे ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच जागा घेते, त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. एकाच पट्टीवर त्याचा दम लवकर संपतो. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला (बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) फक्त डीडीआर५ रॅम चालते, ते आपल्या बजेटमध्ये ओढाताणीचे होईल.

अक्षरजुळणी:
सर्वांचे आभार. एसएसडी बसवून चार दिवस काम केले. आधीच्या हार्ड डिस्कवर फाइल उघडताना डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली होती; तीच फाइल आता चहा मागवेपर्यंत उघडते. परंतु पीडीएफ करताना आणि सावल्या हलवताना अजूनही थांबावे लागते, आणि तेव्हा सीपीयू २६-२७ टक्क्यांवर असतो. थंड डोके यांनी सांगितले तसेच घडले. या स्थितीत आय५-१२४०० घेण्याइतके पैसे वाढवावेत का?

थंड डोके:
आपल्या पीडीएफसाठी नको. १२१००चा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ आणि १२४००चा ४.४ गिगाहर्ट्झ आहे. एका कोअरवर चालणाऱ्या कामात हा फरक डोळ्याला दिसणार नाही. आय५मध्ये सहा कोअर आहेत, त्यांचा फायदा मुलीला मोठे प्रोजेक्ट कंपाइल करताना होईल, पण पहिल्या वर्षाच्या सी आणि पायथनला चार कोअर पुष्कळ झाले. दोन्ही प्रोसेसर एकाच एलजीए १७०० सॉकेटचे असल्याने दोन वर्षांनी गरज भासली, तर त्याच बोर्डवर आय५ बसवता येईल. वाचलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करावेत; त्यात काटकसर करून बोर्ड जाळून घेतल्याचा अनुभव माझ्या पदरी आहे.

या प्रोसेसरसाठीच्या साध्या एच६१० मदरबोर्डावर बहुधा रॅमच्या दोनच खाचा असतात. आपले ग्राफिक्सचे काम हलके असल्याने १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवली तरी चालेल.

सोल्डरगन:
एक राहिले. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली) असल्यास त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी पाहावे. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते आणि ३२ बिट ड्रायव्हर त्यावर चालत नाही.

अक्षरजुळणी:
डोंगल जुनाच आहे आणि ड्रायव्हर ३२ बिटच निघाला. त्यामुळे जुना संगणक इंटरनेट न जोडता मजकूर टाइप करण्यासाठी कोपऱ्यात राहील आणि एसएसडीही त्यातच ठेवतो. नव्यासाठी ५१२ जीबीची वेगळी घेतली आहे. आय३-१२१००, एच६१० बोर्ड आणि १६ जीबी रॅम अशी मागणी काल नोंदवली. बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घेतले, आणि पुढे 'एफ' नाही याची दोनदा खात्री केली.