मदत हवी आहे: उतारावर पुढचा ब्रेक दमतो, सायकलचा १६० मिमीचा रोटर (ब्रेकची चकती) काढून १८० घ्यावा की २०३?

मुरूमवाट (खुलताबाद)

नमस्कार मंडळी. म्हैसमाळहून खाली येताना आणि वेरूळच्या घाटात पुढचा ब्रेक दमायलाय. सुरुवातीला छान धरतो. तीन-चार वळणं झाली की लिव्हर तेवढीच कडक लागते, पण सायकल थांबेना. जळाल्यासारखा वास येतो. खाली दहा मिनिटं उभं राहिलं की परत ठीक.

सायकल २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), पुढे कॉइल फोर्क (स्प्रिंगचं सस्पेन्शन), दोन पिस्टनचे साधे हायड्रॉलिक ब्रेक, मिनरल ऑइलवाले. दोन्ही चाकांना सहा बोल्टचे १६० मिमी रोटर. त्यावर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (राळेत बांधलेले पॅडच चालतील) असं कोरलंय. माझं वजन ८६ किलो, सायकल १४. पुढचा रोटर उलीसा निळसर पडलाय.

१८० घ्यावा की सरळ २०३? दोन्हीकडे बदलावाच लागतो का? की नुसते मेटल पॅड टाकून भागेल? सगळं एकदम घेणं जमणार नाही.

सहा_बोल्ट (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुम्ही ‘लिव्हर कडकच राहते’ हे लिहिलंत ते फार कामाचं आहे. लिव्हर मऊ होऊन हँडलला टेकत असती तर दोष तेलात: हवा शिरलेली किंवा तेल उकळलेलं. मग कितीही मोठा रोटर लावा, आधी ब्लीडिंग, म्हणजे तेल बदलून हवा काढणं, करावं लागलं असतं. लिव्हर कडक, वास, आणि थंड झाल्यावर परत पकड, याचा अर्थ पॅड तापून त्यांचं घर्षण कमी होतंय. म्हणजे उष्णता घालवायचा प्रश्न आहे आणि त्यावर रोटर हा बरोबर उपाय आहे.

हिशेब बघा. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो. ८ टक्के उतारावर ताशी ३० किमीने उतरताना उतार तुम्हाला साधारण ६५० वॅट देत असतो. हवा आणि टायर त्यातलं काही खातात, बाकी सगळं रोटर आणि पॅडवर जातं. घरच्या इस्त्रीच्या जवळपासची शक्ती, आणि ती जिरवायला दीड-दोन मिमी जाडीच्या दोन चकत्या. त्यातही ब्रेक मारताना वजन पुढे ढकललं जातं, म्हणून जास्त काम पुढच्या रोटरला. पैसे पुढे घाला, मागचा १६० राहू द्या. पुढे १८०, मागे १६० ही जोडी अगदी नेहमीची आहे.

मेटल पॅडबद्दल: ‘रेझिन पॅड ओन्ली’ रोटरवर ते अजिबात लावू नका. त्या रोटरचं पोलाद मऊ असतं. मेटल पॅड त्याला कानशीसारखा घासतो, रोटर भराभर पातळ होतो आणि पकडही सुधारत नाही.

बालाघाट_ट्रेल (बीड)

मी म्हणेन थेट २०३ घ्या. एकदाच खर्च. १६० वरून १८० ला गेलं की त्याच लिव्हरच्या जोरात साधारण साडेबारा टक्के जास्त ताकद मिळते, २०३ ला सुमारे २७ टक्के. शिवाय तापायला धातू जास्त, गार व्हायला पृष्ठभागही जास्त.

सहा_बोल्ट (छत्रपती संभाजीनगर)

आकडे बरोबर आहेत, पण फोर्क विसरून चालणार नाही. प्रत्येक फोर्कला रोटरची कमाल मर्यादा असते. ती कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, काहींवर फोर्कच्या पायावरच स्टिकर असतं. साधे कॉइल फोर्क बऱ्याचदा १८० लाच थांबतात. मोठा रोटर म्हणजे डाव्या पायाच्या खालच्या टोकावर जास्त पीळ. तिथे तडा गेला तर चाकच हातात येईल. मर्यादा वाचल्याशिवाय २०३ मागवू नका, आणि १८० देखील नको.

आणखी एक. २०० आणि २०३ हे वेगळे आकार आहेत. ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी स्रॅमचे नवे रोटर २०० चे, शिमॅनोचे २०३ चे. अडाप्टर (मोठ्या रोटरसाठी कॅलिपर वर उचलणारा तुकडा) एकाचं आणि रोटर दुसऱ्याचा आला तर पॅड दीड मिमी वर किंवा खाली बसतो. जाडीही बघा. शिमॅनोचा नवा रोटर १.८ मिमी असतो, काही जाड रोटर २ मिमीचे. १.८ साठी बनवलेल्या कॅलिपरमध्ये (पॅड आणि पिस्टन बसतात तो भाग) २ चा टाकला की पॅड घासत राहण्याची शक्यता असते.

पॅड_गेले (लातूर)

खरेदीआधी या चार गोष्टी मोजून इथे लिहा, मग नेमका पार्ट सांगता येईल.

फोर्कवरचे कॅलिपरचे दोन बोल्ट मागून पुढे, म्हणजे सायकलच्या लांबीच्या दिशेने आत जात असतील तर पोस्ट माउंट. दोन छिद्रांमधलं अंतर ७४ मिमी येईल. बोल्ट आडवे, चाकाच्या अक्षाला समांतर जात असतील आणि अंतर ५१ मिमी असेल तर आयएस, ही दुसरी बसवण्याची पद्धत. सध्याच्या १६० रोटरबरोबर कॅलिपर थेट फोर्कवर बसलाय की मध्ये अडाप्टर आहे, तेही बघा.

रोटरची जाडी. व्हर्नियरचे सपाट जबडे वापरू नका, फसाल. रोटरच्या अगदी बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे मूळ जाडी शिल्लक राहते आणि जबडा तिथेच अडतो. नखाने घासपट्टीवरून बाहेर आलात की ती कड लागते. व्हर्नियरच्या टोकाचा निमुळता भाग किंवा मायक्रोमीटर वापरून मधल्या पट्टीवर तीन-चार ठिकाणी मोजा. रोटरवर ‘मिन. टीएच १.५’ (किमान जाडी १.५ मिमी) असं कोरलेलं असेल. त्याखाली गेला की तो भंगारात.

पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) ०.५ मिमीवर आला असेल तर तेही संपले.

शेवटचं, सायकल कुठे धुता? गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर डिझेलचा किंवा सिलिकॉन पॉलिशचा फवारा मारतात. त्याचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की तो पॅड गेला, रोटर कुठलाही लावा.

मुरूमवाट (खुलताबाद)

मोजलं. पोस्ट माउंट, ७४ मिमी, कॅलिपर थेट फोर्कवर, अडाप्टर नाही. फोर्कचं मॅन्युअल सापडलं, कमाल १८० लिहिलंय. पुढचा रोटर कडेला १.८, मधल्या पट्टीवर १.४५. पॅड दीड मिमी शिल्लक, पण काचेसारखे चमकायलेत. मागचा रोटर १.७. सायकल घरीच बादलीने धुतो.

पॅड_गेले (लातूर)

१.४५ म्हणजे पुढचा रोटर आधीच संपलाय. पातळ रोटरमध्ये धातू कमी, तो लवकर तापतो, पॅड चकचकीत होतात. तुमचा अर्धा त्रास इथेच आहे. या रोटरवर पुढचा घाट उतरू नका.

सहा_बोल्ट (छत्रपती संभाजीनगर)

मग प्रश्न मिटला. पुढे १८०, सहा बोल्ट, मेटल पॅड चालणारा. शिमॅनोमध्ये आरटी ६६ बघा. आरटी ५६ आणि आरटी २६ दिसायला सारखेच पण ते रेझिनवालेच, नंबर तपासून घ्या. आइस-टेक प्रकारात पोलादाच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियम असतं, उष्णता लवकर जाते, पण तुमच्या वापराला साधा पोलादी पुरेल. अडाप्टर पोस्ट ते पोस्ट, १६० चं १८० करणारं. शिमॅनोचं हवं असेल तर एसएम-एमए-एफ१८०पी/पी२. सेंटर लॉकचा (सहा बोल्टांऐवजी मधल्या एका रिंगने बसणारा) रोटर चुकून मागवू नका, तुमच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, बसणार नाही.

पॅड दोन जोड्या घ्या. उन्हाळ्यात रेझिन चांगले, शांत आणि पहिल्या ओढीलाच धरणारे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि मुरमाची कच कॅलिपरमध्ये बसते, तेव्हा रेझिन फार लवकर झिजतात, मेटल टिकतात. पॅड बदलला की नव्याने बसवावा लागतो, हे धरून चाला.

लावताना: जुने पॅड आतच असताना टायर लिव्हरने पिस्टन सावकाश मागे ढकला. रोटरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने. टी २५ (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाची चावी) ने सहाही बोल्ट हाताने टेकवा, मग ताऱ्यासारखं समोरासमोरचे आवळत जा. शिमॅनोच्या रोटरला २ ते ४ न्यूटन मीटर, स्रॅमला ६.२. कंपनीप्रमाणे फरक आहे, पाकिटातला कागद बघा. रोटर हाताळताना कडेला धरा, घासपट्टीला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड.

कॅलिपरचे बोल्ट सैल ठेवून लिव्हर दाबून धरा आणि दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने आवळा, शेवटी ६ ते ८ न्यूटन मीटर. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर तिरका सरकतो आणि चाक फिरवताना टिक-टिक ऐकू येते.

बालाघाट_ट्रेल (बीड)

मर्यादा १८० असेल तर माझा २०३ चा सल्ला मागे. बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि रोटर एकमेकांना बसवणं, मात्र चुकवू नका, बहुतेक तक्रारी तिथेच जन्मतात. मोकळा सपाट रस्ता, ताशी २० वरून चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखा ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक करायचं नाही. असं वीस वेळा. मग ताशी २५-३० वरून थोडं जोरात दहा वेळा. मध्ये थोडं फिरू द्या म्हणजे गार होईल. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर रोटरवर सारखा बसतो, पकड त्यावरच येते. मध्येच दाबून उभे राहिलात तर त्या जागी जाड डाग पडतो आणि नंतर ब्रेक थरथरतो.

घाटात सतत हलकं दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात, मग सोडून द्या. सुटलेल्या वेळात रोटर गार होतो. आणि खाली पोचल्यावर तापलेल्या रोटरवर पाणी ओतू नका, वाकडा होतो.

मुरूमवाट (खुलताबाद)

सगळ्यांचे आभार. अडाप्टरबरोबर बोल्ट येतात का, की जुनेच चालतील?

पॅड_गेले (लातूर)

अडाप्टरच्या पाकिटात बोल्ट आहेत का, हे मागवतानाच विचारा. अडाप्टर फोर्कवर वेगळे बोल्ट लावून बसतं आणि कॅलिपर त्यावर, अशी रचना असेल तर कॅलिपरचे जुने बोल्ट चालू शकतात. पण नुसत्या १० मिमी ठोकळ्यासारखं असेल आणि तोच बोल्ट आरपार फोर्कमध्ये जात असेल, तर जुन्यापेक्षा १० मिमी जास्त लांब एम ६ बोल्ट लागणारच. जुना बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरतो, आवळताना घट्ट वाटतो आणि जोराच्या ब्रेकला आटे उपसून येतो. फोर्कमध्ये किमान १० मिमी आटे गेले पाहिजेत. बसवल्यावर वरून कॅलिपरमध्ये टॉर्च मारा. पॅडचा वरचा काठ रोटरच्या बाहेरच्या कडेपेक्षा वर नको आणि खालचा काठ रोटरच्या पाकळ्यांना टेकायला नको. दोन्ही ठीक दिसलं की मगच सायकल बाहेर काढा.