'जन्मजात' म्हणजे 'आनुवंशिक' नव्हे, हे मराठीत कसं सांगायचं?

अर्धविराम
एका संशोधनासाठी पालकांना द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. विषय: हृदयातले जन्मजात दोष आणि त्यामागची जनुकं. बाळ, आई आणि बाबा अशा तिघांचं रक्त घेऊन जनुकं ताडून बघायची आहेत, त्यासाठी ही संमती. एका वाक्याशी मी आठवडाभर अडले आहे. सध्या असं लिहिलंय: 'जन्मजात आजार आनुवंशिक असतोच असं नाही, आणि जनुकीय असला तरी आनुवंशिक असेलच असं नाही.' लिहिल्यावर स्वतःवर खूश होते. मसुदा काही पालकांना वाचून दाखवला, तर एक आई म्हणाली, "म्हणजे आमच्याकडूनच आलंय, पण तुम्ही सरळ बोलत नाही आहात."
माझ्या लक्षात आलं की चूक तिची नाही. 'जन्मजात गायक', 'जन्मजात खोड' असं आपण म्हणतो तेव्हा 'रक्तातच आहे' हेच सुचवत असतो. मग कंजेनिटल, जेनेटिक आणि हेरेडिटरी या तिघांना वेगळं ठेवणारे तीन मराठी शब्द आहेत का?

व्याकरणवेडा
'जन्मजात' हा शब्दच मुळात दुबार आहे. 'जात' म्हणजे जन्मलेला. जन्मताना जन्मलेला? अस्सल शब्द आहे 'सहज'. सह + ज, सोबत जन्मलेला. लॅटिनमधल्या 'कंजेनिटल'चीही फोड हीच, 'कॉन' म्हणजे सह आणि 'जेनिटस' म्हणजे जन्मलेला. आयुर्वेदात 'सहज' व्याधी हा रूढ प्रयोग आहे. तयार शब्द असताना नवे कशाला शोधायचे?

भाबडा वाचक
"तुमच्या बाळाला सहज हृदयविकार आहे."
"अरे वा, आम्हाला वाटलं काही गंभीर आहे."

व्याकरणवेडा
हसा. शब्द मराठीनं स्वस्त केला, त्यात शब्दाचा काय दोष?

कोशकिडा
दोष कुणाचाही असो, 'सहजच आलो होतो' म्हणणाऱ्या भाषेत तो आता परत फिरायचा नाही. पण उदाहरण म्हणून एक सुचतंय. कर्णाची कवचकुंडलं सहज होती, म्हणजे जन्मजात. पण त्याच्या मुलाला, वृषसेनाला, ती मिळाली का? नाही. जन्मजात असून आनुवंशिक नाही, हे मराठी माणसाला एका ओळीत कळेल.

भाबडा वाचक
पण ती सूर्याकडून आली होती, म्हणजे बापाकडूनच की! त्या आईला हे उदाहरण दिलंत तर ती म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हते?

प्रयोगशाळेतून
मी याच प्रकारच्या कामात आहे, म्हणून आधी वस्तुस्थिती, शब्द नंतर. साधारण शंभरात एका बाळाच्या हृदयाच्या रचनेत जन्मतः काहीतरी कमीजास्त असतं. 'जन्मजात' एवढंच सांगतो की ते जन्माच्या वेळी होतं. का होतं, हे सांगत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू आणि हृदयदोष होऊ शकतो. हा संबंध नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञानं १९४१ साली दाखवला. ते जन्मजात आहे, पण जनुकांचा त्यात हात नाही. उलट हंटिंग्टनचा आजार पक्का आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा तिशी-चाळिशी उलटल्यावर. तो 'जन्मजात' कुणी म्हणत नाही.
तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. प्रत्येक माणसाच्या जनुकसंचात आईबापांत नसलेले साठएक बदल नव्यानं झालेले असतात. बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. एखादा मात्र नेमका हृदय घडवणाऱ्या जनुकात पडतो. २०१३ साली तिघांचे नमुने ताडून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की गंभीर हृदयदोषांपैकी दहाएक टक्क्यांत अशा नव्या बदलांचा वाटा असावा. ते जनुकीय खरं, पण आईबापांकडून आलेलं नव्हे.
अर्धविराम यांचं वाक्य शास्त्र म्हणून बिनचूक आहे. अनुवंशिक आणि जनुकीय हे दोन वेगळे ठेवलेत हेच मोठं.

व्याकरणवेडा
आनुवंशिक. समाज – सामाजिक, अनुवंश – आनुवंशिक. 'इक' लागला की आद्य स्वराची वृद्धी होते.

प्रयोगशाळेतून
बरं. आनुवंशिक.

भाबडा वाचक
सगळं जग 'अनुवंशिक' लिहितं. एवढ्या लोकांनी वापरल्यावर तेच बरोबर.

व्याकरणवेडा
एवढ्या लोकांनी चुकवल्यावर तो चुकीचा प्रघात, इतकंच.

निळाई
मूळ प्रश्नाकडे येते. मला फॅलोचं चतुष्क होतं: खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड. चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. माझी तक्रार 'जन्मजात'वर नाही, 'पडलं'वर आहे. आमच्याकडे सगळे म्हणायचे, "हिच्या हृदयाला भोक पडलं." आता भोक पडतं कधी? काही टोचलं, घासलं, कुरतडलं तर. आई कितीतरी वर्षं शोधत होती की पडलं कधी. सातव्या महिन्यात तिनं एक ट्रंक उचलली होती. शेवटी ती ट्रंक दोषी ठरली. मी अकरावीत असताना एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं: पडदा खालून वर वाढत येतो, वरून येणाऱ्या भागाला भेटतो, तुझ्यात ती भेट पुरती झाली नाही. भोक पडलं नाही, राहिलं. आईनं त्यांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. "राहिलं?" "हो, राहिलं." घरी आल्यावर ट्रंकेवर नवा कपडा घातला गेला.
तेव्हा पत्रकात नाम कुठलंही घ्या, क्रियापदाकडे बघा.

अर्धविराम
निळाई, हे वाचून मी मसुद्यात शोधलं. सात ठिकाणी 'भोक पडणे' आहे. इंग्रजीत तिथे क्रियापदच नाही, नुसतं नाम आहे. मराठी करताना 'पडणे' मी घातलं. सवयीनं.

कोशकिडा
'फट राहिली' म्हणता येईल. दाराला फट राहते तेव्हा कुणी ती पाडलेली नसते. 'छिद्र' नको, छिद्रान्वेषी आठवतो.

भाबडा वाचक
भोक राहिलं, फट राहिली. म्हणजे सुताराचं काम अर्धवट राहिलं. मग सुतार कोण, हा प्रश्न उरलाच की.

प्रयोगशाळेतून
एक पुरवणी. गर्भात काही वाटा उघड्याच असायला हव्यात. वरच्या दोन कप्प्यांमधली झडप फुप्फुसांकडे न जाता रक्त पलीकडे पोचवते, जन्मानंतर ती मिटते. चौघांतल्या साधारण एका प्रौढात ती पूर्ण चिकटत नाही आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. तिथे 'राहिलं' हे क्रियापद शब्दशः खरं आहे.

व्याकरणवेडा
मूळ प्रश्न तीन नामांचा होता. 'जनुकीय' हा शब्द मला तरी मान्य आहे. जन् धातू, आणि 'जीन'शी नादही जुळतो. असं नशीब फार कमी पारिभाषिक शब्दांना लाभतं. विल्हेल्म योहानसेननं 'जीन' १९०९ साली रूढ केला, तोही त्याच कुळातला. जनुकं ज्यावर असतात त्या 'क्रोमोसोम'साठीचा 'गुणसूत्र' मात्र मला कधीच पटला नाही. १८८८ साली वाल्डायरनं 'क्रोमोसोम' म्हटलं ते रंग पटकन शोषतं म्हणून. जुना 'रंगसूत्र' शब्द जास्त प्रामाणिक होता.

निळाई
१८८८? फॅलोचा प्रबंधही त्याच सालचा. त्यानं 'निळा आजार' म्हटलं होतं. तेही रंगावरूनच! माझं टोपणनाव तिथलंच.

अर्धविराम
रंग राहू द्या. आईबापांत नसलेला, बाळात नव्यानं झालेला बदल. लॅटिन 'डी नोव्हो'. मी 'नवोद्भूत उत्परिवर्तन' लिहिलं होतं. वाचून दाखवताना माझीच जीभ अडखळली.

भाबडा वाचक
'स्वयंभू'. कुणी घडवला नाही, आपोआप प्रकटला. एका शब्दात काम. शिवाय आईवरचा आळही गेला.

व्याकरणवेडा
अहो, स्वयंभू गणपती असतो. रोगाचं कारण स्वयंभू? उद्या लोक पाया पडतील.

कोशकिडा
पाया पडू देत, पण त्या आईला तो शब्द सांगावा लागणार नाही हे कबूल करा. 'नवोद्भूत' तुम्हाला सांगावा लागेल.

प्रयोगशाळेतून
'स्वयंभू'ला माझी हरकत वेगळी. तो बदल बहुतेकदा बीजपेशी तयार होताना, नकल करण्यातल्या चुकीतून होतो. म्हणजे बीजात आलेला असतो, पण आईबापांच्या बाकी शरीरात नसतो. 'नव्यानं झालेला' पुरे. आणि आता खरा घोळ ऐका. बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असला की हृदयदोष, टाळूचे दोष वगैरे होतात. असा तुकडा गळालेल्या दहांपैकी नऊ जणांत तो नव्यानं गळालेला असतो, एकात आई किंवा बाबांकडून आलेला. तुकडा तोच, आजार तोच. एका घरात आनुवंशिक, दुसऱ्या घरात नाही. शिवाय ज्याच्यात तो नव्यानं गळला, त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे आजवर आनुवंशिक नव्हता, इथून पुढे आहे. 'आनुवंशिक' हे आजाराचं विशेषण नाहीच. ते त्या घरातल्या प्रवासाचं आहे.

कोशकिडा
मग विशेषण सोडा, क्रियापद वापरा. 'उतरला', 'आला', 'नव्यानं झाला'. निळाई म्हणाल्या तेच पुन्हा. 'बापाचं नाक उतरलंय' म्हणतोच ना आपण.

निळाई
मला नेमकं हेच विचारायचं होतं. माझी तपासणी परवा झाली, कारण आता मूल होऊ द्यायचा विचार आहे. अहवालात 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं मराठीत छापून आलं. मी 'महत्त्वाचा बदल' एवढंच वाचलं आणि खाली बसले.

प्रयोगशाळेतून
हा अपराध भाषांतराचा. २०१५ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बदलांचे पाच वर्ग करतात, एका टोकाला रोगकारक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी. हा मधला वर्ग. म्हणजे बदल दिसला, पण तो काही करतो की नाही हे आजच्या माहितीवर ठरत नाही. पुढे माहिती वाढली की तो इकडे किंवा तिकडे सरकतो. त्याच्यावर विसंबून निर्णय घ्यायचे नसतात. समुपदेशकांशी बोला.

अर्धविराम
हे तर माझ्याही पत्रकात आहे, त्याच शब्दांत! 'महत्त्वाचा' हे मराठीत षष्ठीही आहे आणि विशेषणही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'अर्थ न लागलेला बदल' करू का?

व्याकरणवेडा
'अनिर्णीत बदल'. छोटं आणि शुद्ध.

भाबडा वाचक
अनिर्णीत म्हणजे कसोटी सामना. 'अर्थ न लागलेला'ला माझं मत.

कोशकिडा
आईवरच्या आळावरून आठवलं. सुश्रुतसंहितेत व्याधींचे सात प्रकार आहेत. त्यात 'आदिबलप्रवृत्त' म्हणजे शुक्रशोणितातल्या, म्हणजे आईबापांच्या बीजातल्या, दोषांमुळे होणारे, त्यांचे पुन्हा मातृज आणि पितृज. आणि 'जन्मबलप्रवृत्त' म्हणजे आईच्या अपचारामुळे, म्हणजे चुकीच्या वागण्या-खाण्यामुळे, जन्मतः येणारे. म्हणजे अर्धविराम यांना हवा असलेला भेद तिथे आहे! पण जन्मबलप्रवृत्ताचा एक पोटभेद 'दौहृदापचारकृत', म्हणजे गर्भिणीच्या इच्छा अव्हेरल्यामुळे झालेला. आणि 'दौहृद' का? चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, बाई दोन हृदयांची होते, म्हणून ती 'दौहृदिनी'. आपले डोहाळे तिथून आलेत. डोहाळे म्हणजे मुळात बाळाच्या हृदयाची मागणी!

प्रयोगशाळेतून
सुंदर, पण हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच धडधडायला लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत पडदे-कप्पे बहुतेक बनून झालेले असतात. कितीदा तर बाईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. पडद्यातली फट राहायची असेल तर डोहाळ्यांच्या कितीतरी आधी राहून गेलेली असते. ट्रंकेच्याही.

निळाई
हे वाक्य प्रिंट काढून आईला देणार आहे.

व्याकरणवेडा
डोहाळ्यांची ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. 'दोहद' हे प्राकृत वळणाचं रूप, त्यामागे 'दौर्हृद' असावं असं एक मत आहे. दुर् + हृद्, म्हणजे जीव नकोसा होणं, मळमळ. दोन हृदयांची गोष्ट नंतर रचलेली असू शकते.

कोशकिडा
मळमळीतून हौस कशी निघाली, तेवढं सांगा.

अर्धविराम
मंडळी, पत्रक उद्या द्यायचंय. सध्या असं ठेवतेय: 'बाळाच्या हृदयात जन्मापासून फट राहिली आहे. तिचं कारण कधी जनुकांत असतं, कधी नसतं. जनुकांत असलं तरी ते आईबाबांकडून उतरलेलं असू शकतं किंवा बाळात नव्यानं झालेलं असू शकतं. यांतलं काय, हे शोधण्यासाठी तिघांचं रक्त हवं आहे.' 'आनुवंशिक' हा शब्द सगळीकडून काढला.

व्याकरणवेडा
काढला? मग मी वर इतका वेळ वृद्धी कशासाठी समजावली?

भाबडा वाचक
ते जाऊ द्या. मला सांगा, 'डोहाळे' एकवचनात कुणी ऐकलंय का? 'तिला एक डोहाळा लागला' असं?

कोशकिडा
ऐकलंय. पण थांबा, वेगळा धागा काढू या.