टॅकलिंगवरून डिऑन सँडर्सला मोडीत काढणाऱ्यांना

कोपरारक्षक
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला राहून समोरच्यांचे पास अडवणारा बचावपटू, डिऑन सँडर्स. त्याच्याबद्दल परवा पिट्सबर्ग स्टीलर्सवाल्या 'तीन नद्यांचा नाना' यांनी लिहिलं: "डिऑन म्हणजे सोनसाखळ्या, नाच आणि जाहिरात. माणूस पाडता येत नाही तो कसला डिफेन्सवाला? आमच्या रॉड वुडसनचे इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच पकडणं) ७१, याचे ५३. विषय संपला." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

शाळेत मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचो. उजव्या कोपऱ्यावर एक राक्षस होता, त्याच्या बाजूला चढाईवाला फिरकायचाच नाही. सगळे माझ्या अंगावर. वर्षाअखेरीस पकडी माझ्या जास्त भरल्या. म्हणून मी त्याच्यापेक्षा भारी? छे! कॉर्नरबॅकचंही तेच आहे. बॉल आपल्याकडे आलाच नाही तर इंटरसेप्शन कुठून आणणार?

आणि आला तेव्हा काय झालं ते १९९४ साली बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्सकडे जेमतेम एक सीझन, १४ मॅच. ६ इंटरसेप्शन, त्यावर ३०३ यार्ड पळाला, ३ थेट टचडाउन (बॉल घेऊन शेवटच्या रेषेपार). वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू, वर सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. हे जाहिरातीनं होत नाही नाना.

तीन नद्यांचा नाना
त्याच १९९४ ला लीगच्या ७५ वर्षांचा सर्वोत्तम संघ निवडला. वुडसन त्यात होता, तोही खेळत असतानाच. तुमचा डिऑन नव्हता. १९९५ च्या पहिल्याच मॅचला वुडसनचा गुडघा गेला आणि त्याच सीझनच्या सुपर बोलला गडी मैदानात उभा! डिऑन काय करायचा? समोरून रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा गडी, आला की साइड द्यायचा. रिक्षावाला बरा, तो निदान शिवी तरी देतो.

प्लॅनोची माई
सुपर बोलचं नाव नानांनीच काढलं म्हणून विचारते, त्या दिवशी एमव्हीपी, मॅचचा सर्वोत्तम खेळाडू, कोण झालं हो? लॅरी ब्राउन. आमच्या डॅलस काउबॉइजचा दुसरा कॉर्नर, दोन इंटरसेप्शन. डिऑन तेव्हा आमच्याकडेच होता. डिऑनकडे टाकायची छाती नाही, मग बॉल जाणार कुठे? तुमच्या स्टीलर्सना हरवलं, २७-१७. उजव्या कोपऱ्याचीच गोष्ट आहे ही.

तीन नद्यांचा नाना
माई, जखमेवर मीठ चोळू नका. आमच्या पास टाकणाऱ्या ओडॉनलने ते दोन्ही बॉल सरळ ब्राउनच्या हातात दिले, आमचं कुत्रंसुद्धा तिथे नव्हतं. त्यात डिऑनचं कर्तृत्व शून्य. चौघांत एक टीव्ही होता आमचा. पिठलं केलेलं, तसंच गार झालं.

प्लॅनोची माई
आणि ४७ यार्डांचा कॅच? तोही डिऑनचाच, रिसीव्हर म्हणून. पिठलं चांगलं होतं का?

दोन पोरांचा बाप
टॅकलिंग राहू द्या, मला वेगळंच छळतंय. हा माणूस १९९२ ला बेसबॉलमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जसाठी ९७ मॅच खेळून १४ ट्रिपल (एका फटक्यात तिसरा बेस) मारतो, नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त. वर्ल्ड सिरीजमध्ये, बेसबॉलच्या फायनलमध्ये, .५३३ च्या सरासरीने बॅटिंग करतो. वर फुटबॉलमध्ये अटलांटा फाल्कन्सचा कॉर्नर. आणि माझ्या मुलाला शाळेतला कोच सांगतो, सॉकर किंवा ट्रॅक, एक काय ते ठरव. नववीत! घरी आजोबांचं "एक ना धड, भाराभर चिंध्या" चालूच असतं.

उगाच
आजोबांचं बरोबर आहे. ११ ऑक्टोबर १९९२ आठवा. दुपारी मायामीत फाल्कन्ससाठी खेळला, विमानानं रात्री पिट्सबर्गला ब्रेव्ह्जच्या मॅचला हजर. आणि खेळवलंच नाही त्याला. दोन दगडांवर पाय म्हणतात ते हेच. बेसबॉलचं करिअर शेवटी .२६३ च्या सरासरीवर थांबलं. लक्ष दिलं असतं तर?

दोन पोरांचा बाप
लक्ष दिलं असतं तर सुपर बोल आणि वर्ल्ड सिरीज दोन्ही खेळलेला एकमेव माणूस राहिला नसता. मीही लक्षच दिलं होतं. टेबल टेनिस सोडलं, बारावी केली, आयुष्यभर कोड लिहितोय. कुणी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं नाही.

उगाच
तुमचं टेबल टेनिस गेलं म्हणून पोराला दोन्हीकडे पळवायचं? गुडघे त्याचे जाणार, तुमचे नाही.

दोन पोरांचा बाप
माझ्या पोराच्या गुडघ्यांवर बोलायचं काम नाही. तुम्ही त्याला पाहिलंय का कधी? नाही ना? मग गप्प बसा.

प्लॅनोची माई
अहो, दोघेही जरा पाणी प्या. माझी मुलगी भरतनाट्यम आणि व्हायोलिन दोन्ही करायची, आता दोन्ही करत नाही. ट्रॅव्हिस हंटर कॉलेजात रिसीव्हरही आणि कॉर्नरही खेळला, कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ ची हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला. कोच कोण? डिऑनच! प्रत्येकाचं वेगळं असतं.

तीन नद्यांचा नाना
१९९२ कुणी काढलं? त्याच ब्रेव्ह्जनी आमच्या पायरेट्सना सातव्या मॅचला घरी पाठवलं होतं. हा माणूस जिथे जातो तिथे पिट्सबर्गचं वाटोळं होतं.

कोपरारक्षक
मुद्द्यावर या. वुडसन पुढे सेफ्टी झाला नाना, बाल्टिमोरला गेल्यावर. मागे उभं राहिलं की बॉल जास्त मिळतात. ७१ आणि ५३ एका तागडीत कसे टाकता?

तीन नद्यांचा नाना
बरं. निव्वळ कव्हरेज म्हणाल तर डिऑन. लिहून घ्या, फ्रेम करा, अटलांटात भिंतीवर लावा. पण थर्ड अँड वनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात समोरच्यांना एकच यार्ड हवा असताना, समोर शंभर किलोचा माणूस धावत येत असताना, मला वुडसनच हवा.

कोपरारक्षक
तिथे मलाही तोच हवा. डिऑनचं टॅकलिंग लागलं की मी चहा टाकायला उठायचो.

दोन पोरांचा बाप
धागा माझा नाही, कळतंय. पण शाळेचा फॉर्म उद्या द्यायचाय. दोन्हींवर टिक करू का?

उगाच
करा. पण फी परत मिळते का ते आधी वाचा.