दाढेच्या रूट कॅनालआधी सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय स्कॅन) हवाच का?

राजवाड्याची लेक
आईच्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल इथेच, इंदूरमध्ये झालं. कॅप बसली, पण चावलं की ठणका कायम. दुसऱ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली दाढ पुन्हा उघडली, तर गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरी नळी (मुळातला नसेचा बारीक मार्ग) निघाली. तिला कुणी हातच लावला नव्हता. ही एमबी-टू नळी काही नवलाची नाही, वरच्या पहिल्या दाढांपैकी निम्म्याहून जास्त दाढांत असते. साध्या एक्स-रेत एकामागची दुसरी नळी झाकली जाते. म्हणून माझं स्पष्ट मत: दाढ असेल तर सीबीसीटी आधीच काढा.

दंतवैद्य, अन्नपूर्णा रोड
ताई, आईंना फुकट त्रास झाला, वाईट वाटलं. पण सरसकट स्कॅन पटत नाही. ट्यूब थोडी तिरपी सरकवून दुसरा एक्स-रे काढला की बऱ्याच जादा नळ्या कळतात. एमबी-टूचं तोंड तर उघडलेल्या दाताच्या आतल्या तळावरच्या बारीक खाचेत, डेंटिनखाली (दाताच्या आतल्या कठीण थराखाली) दडलेलं असतं. अल्ट्रासॉनिक टिपने (वेगाने कंप पावणाऱ्या बारीक टोकाने) ती खाच हळूहळू खोल करत जावं लागतं. स्कॅनमध्ये नळी दिसली तरी हे काम हातानेच करायचं. शिवाय शेजारी धातूची कॅप असली की चित्रात पट्टे येतात.

महूवाला
डॉक्टरसाहेबांशी सहमत. आमच्यासारख्यांना स्कॅनसाठी इंदूरची वेगळी खेप पडते, पैसे वेगळे. इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवणारेही पुष्कळ आहेत, त्यांनी काय करायचं?

राजवाड्याची लेक
दादा, खर्चाचं मान्य. पण दाढ दुसऱ्यांदा उघडायची, कॅप नवी करायची, तो खर्च कुणाच्या माथी? आणि डॉक्टरसाहेब, अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालतज्ज्ञ) आणि डेंटल रेडिओलॉजिस्ट (दातांचे एक्स-रेतज्ज्ञ) संघटनांचं 2015 चं संयुक्त निवेदन वाचा. जादा नळ्यांची शक्यता असलेल्या दातांसाठी लहान भागाचा सीबीसीटी सुचवताना त्यात दाढा आणि उपदाढांची नावंच घेतली आहेत.

दंतवैद्य, अन्नपूर्णा रोड
वाचलंय. त्याच निवेदनात पहिली पसंती तोंडात फिल्म ठेवून काढलेल्या साध्या एक्स-रेला आहे, आणि रचना गुंतागुंतीची असल्याचा संशय ही अटही आहे. खालची दुसरी दाढ घ्या. मुळं जुळलेली दिसली की सी-आकाराच्या नळीची शंका येते, तिथे मीही स्कॅन सांगतो. त्या पट्टीसारख्या नळीत फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) सगळीकडे पोचतच नाही. हायपोक्लोराइट (जंतुनाशक द्रव) भरून अल्ट्रासॉनिकने खळबळवावं लागतं, मग नळी भरायला गरम गटापर्चा (रबरासारखा पदार्थ).

राजवाड्याची लेक
म्हणजे सगळं डॉक्टरला संशय येण्यावर आलं. आईच्या वेळी तो आला नाही. निदान किती नळ्या सापडल्या, कुठली सापडली नाही, एवढं तरी पेशंटच्या कागदावर लिहून द्या.

दंतवैद्य, अन्नपूर्णा रोड
ते लिहायलाच हवं, मी लिहितो. स्कॅनबद्दलचं मत मात्र बदलत नाही.