गावच्या घराले पीओपी कायले? (घर बांधून झालेल्यांनी सांगा)

काळी_कसदार

आमचं घर बांधणं चालू आहे. यवतमाळ जिल्हा, दिग्रसपासून थोडं आत. जुनं कवेलूचं (कौलारू) घर मागच्या उन्हाळ्यात पाडलं, स्लॅब पडला, प्लास्टर झालं. आता धाकट्या भावानं मोबाइलवर रील पाहून यादी काढली आहे. हॉलला पीओपीचं, म्हणजे स्लॅबखाली प्लास्टरचं दुसरं छत, त्यात प्रोफाइल लाइट (पट्टीचे दिवे). टीव्हीच्या भिंतीला काळे-सोनेरी लूवर्स (खाचांच्या उभ्या पट्ट्या), बाकी भिंती राखाडी. खाली 2 बाय 4 च्या पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स. आणि खिडकी एकच, स्लायडिंगची, कारण "पुढं एसी लावायचा आहे". एसीचा पत्ता नाही, दुसरी खिडकी मात्र आत्ताच बुजवायची. ठेकेदार टेप लावून गेला. छताचे 95 रुपये फूट म्हणाला, लायटिंग वेगळं.

माझा विरोध आहे आणि तो जुन्याच्या प्रेमापोटी नाही. ज्याला हे लोक हॉल म्हणतात तो नोव्हेंबरपासून हॉल राहतच नाही. मागच्या साली भाव चढेल या आशेवर कापूस मार्चपर्यंत बैठकीतच होता. गंजी खिडकीच्या वर गेली होती, पंख्याला लागू नये म्हणून पंखा काढून ठेवला. आम्ही सगळे सपरीत (ओसरीत) झोपलो, अंग खाजवत. आता त्याच खोलीत लूवर्स! त्या बोटभर खाचांत अडकलेली सरकी-रुई कोण उकरणार? जुलैत वावरातून आलेला माणूस काळ्या मातीचे पाय घेऊन त्या पांढऱ्या टाइलवर उभा राहिला की काय दिसेल तेही डोळ्यांपुढं आणा. पीओपीच्या वरच्या पोकळीत तर उंदरांना आपणच मजला बांधून देतो. सोयाबीनचे कट्टे घरात असले की ते येतातच.

माझं म्हणणं एवढंच: भिंतीला साधा चुना किंवा पांढरा डिस्टेंपर, खाली शहाबादी, खिडक्या समोरासमोर. वाचलेले पैसे विहिरीच्या मोटरीला. ज्यांनी पीओपी केलं आहे त्यांनी खरं सांगा, पस्तावलात की नाही?

धुऱ्यावरचा

भाऊ, तुमचं सगळं बरोबर हाय, पण पोराचं लगन जमवाले बसा, मंग सांगा.

माह्यासाठी दोन जागचे पाहुणे आले. चहा पेले, वर पाह्यलं, खाली पाह्यलं अन् "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. मंग बाबानं उधारउसनवार करून हॉलले पीओपी केलं. मधात गोल, गोलात निळा लाइट. तिसरे पाहुणे आले त्या दिवशी लाइनच नव्हती, निळा लाइट कोणाले दिसलाच नाही. तरी लगन जमलं. पीओपीनं जमलं का पोरीच्या मामानं जमवलं, मले माईत नाई. पण बाबाले इचारलं त ते म्हणते पीओपीनं. आता तुमीच सांगा, पस्तावलो म्हणू का कसं?

थापी_ओळंबा

हिंगणघाटच्या बाजूला मिस्त्रीकाम करतो, पंचवीसेक वर्षं झाली. ठेकेदार कडू बोलत नाही म्हणून मी बोलतो.

पीओपीनं घर थंड राहते असं सांगून ते विकलं जाते. अर्धं खरं आहे. मधली पोकळी थोडी आड येते. पण चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा-अकराला तुम्ही आडवे झाले की खाली सोडतो. खालून काहीही लावा, त्याचं तापणं थांबत नाही. ऊन वरून येते, इलाज वरूनच करावा लागते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतार नीट काढून, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे. तेवढे पैसे नसतील तर दर साल मार्चमध्ये चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात मारा. आपल्याकडचं ऊन काही साधं नाही, नागपुरात 23 मे 2013 ला 47.9 अंश नोंदलं आहे. अशा मुलखात घराची सजावट गच्चीपासून सुरू व्हायला पाहिजे. ती रीलमध्ये दिसत नाही ही तिची चूक.

खिडकीबद्दल तर तुमच्या भावाचे पाय धरून सांगतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो. आत ढकललेली हवा समोरून बाहेर निघाली पाहिजे. निघाली नाही तर अर्ध्या तासात खोलीत घाम सुटतो, प्लायवूड फुगते, कपाटातल्या साड्यांना वास लागतो. मग लोक म्हणतात कूलर खराब निघाला. कूलर चांगला असते हो, खोलीचं नाक दाबलेलं असते.

अजून एक, यावर कोणी बोलत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो. पाया मुरमापर्यंत नेला नाही, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा काँक्रीटचा पट्टा) टाळला, तर भिंतीला तिरपी चीर पडणारच. आजकाल मला "पॅनल लावायचे आहेत" म्हणून बोलावतात तेव्हा मी आधी भिंतीवर हात फिरवतो. दहापैकी चार जागी चीर किंवा ओल झाकायची असते. मार्बलसारखी दिसणारी शीट लावली की पाहुण्याला ओल दिसत नाही, पण ती मागं वाढतच राहते. वर्षाभरानं शीट पोटासारखी पुढं येते.

पुण्यातला_वऱ्हाडी

वाचून वाईट वाटलं की कवेलूचं घर पाडलं! इकडं लोक वास्तुविशारदाला पैसे मोजून मातीचा गिलावा करून घेतात, चुन्याचा खरखरीत रंग, उघड्या विटा, बांबूचे दिवे. जे तुमच्याकडे फुकट होतं ते इथे विकत मिळतं. सेवाग्रामला जाऊन या. 1936 ची कुटी आहे, माती, बांबू आणि कवेलू. पाचशे रुपयांच्या आत आणि आसपास मिळेल त्याच सामानात बांधायचं, ही गांधीजींची अट होती. तिथल्याच बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं अजून पाहता येतात. याहून सुंदर "वॉल डेकोर" कोणता? आपण आपली ओळख विकून प्लास्टिक विकत घेतोय.

चुलीपुढची

दादा, त्या ताडाच्या झाडाखालची जमीन कोण सारवत असेल ते पाहिलं का?

माझं माहेर मूर्तिजापूरकडं. धाब्याचं घर, दीड हात रुंद भिंती, मे महिन्यात दुपारी आत शिरलं की गोणपाट अंगावर घ्यावंसं वाटायचं. थंडाव्याबद्दल भांडायला मी आलेले नाही. पण आठ-पंधरा दिवसांनी शेण कालवायचं, कंबरेत वाकून मागं मागं सरकत यायचं, दाराशी आलं की कोणीतरी पोरगं ओल्यात पाय देऊन पळणार, पुन्हा तेवढं सारवायचं. दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतेरा. आईच्या बोटांच्या चिरांत ती माती बसलेली असायची, हळदीनंही निघत नव्हती. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची ती वेगळी, तरी जुलैत गळायचंच. मग घरभर भांडी मांडून रात्रभर टपटप ऐकत बसायचं.

सासरी टाइल्स आहेत. पोछा मारला की झालं. चकचकीत पांढऱ्या नकोत हे खरं, ओल्या पायानं सासूबाई घसरल्या होत्या, आमच्याकडं आता खरबरीत आहेत. पण टाइल्स नकोत असं मला कोणत्याही पुरुषानं सांगू नये.

आणि काळी कसदार भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्यात भाऊ आहे, ठेकेदार आहे, पंखा आहे, उंदीरसुद्धा आहेत. वहिनी कुठं आहेत?

वानरसेना

😂😂 उंदीर आहेत, वहिनी नाहीत.

चंद्रपूर जिल्हा, जंगलाला लागून गाव. कवेलूवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांनी आमच्याकडं एक महिना राहायला या. वानरांची टोळी एका उडीत वीस-पंचवीस कवेलू फोडते. जोडीला कवेलूखाली विंचू. दर मे महिन्यात कवेलू फेरायला माणूस लागायचा. जो फेरायचा तो म्हातारा गेला, त्याचा पोरगा पुण्याला. बहुतेक पुण्यातला_वऱ्हाडी यांच्याच सोसायटीत सिक्युरिटीला असेल.

गंमत अशी की इथून ताडोब्याच्या वाटेवर रिसॉर्ट आहेत. त्यांच्या भिंती मातीच्या रंगाच्या, दाराला जुन्या वाड्याच्या कड्या, कोपऱ्यात दळायचं जातं. त्यात आमच्याच गावातली पोरं पाहुण्यांना पाणी देतात आणि संध्याकाळी घरी येऊन बापाला म्हणतात, पीओपी करू.

सागवानाचंही तसंच. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारपुरातून गेलं, मिरवणूक काढून गेलं, अभिमान आहे. पण माझ्या बाथरूमला पीव्हीसीचं दार आहे आणि ते दोन वर्षांत वाकडं झालं आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी

@चुलीपुढची, सारवणाचा मुद्दा मान्य. खरंच विचार केला नव्हता. पण एक राहतंच: खालची जमीन टाइलची ठेवून बाकीच्या गोष्टी आपल्या का असू नयेत? मेळघाटात लवाद्याला, चंद्रपुरात चिचपल्लीला बांबूचं इतकं चांगलं काम शिकवलं जातं. छताखाली पीओपीऐवजी बांबूची चटई का नको?

@वानरसेना, मी सोसायटीत भाड्यानं राहतो. भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी नाही. म्हणून तर इथं येऊन बोलतो.

थापी_ओळंबा

बांबूची चटई चालते, पण बांबू औषधाच्या पाण्यात मुरवलेला पाहिजे. नाहीतर एका सालात भुंगा लागून टीव्हीवर पिठी पडते. गावातला बुरूड करून देईल का विचारा. पीओपीपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही.

घरकुलवाला

तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत माझं घर बसत नाही. घरकुल योजनेचे 1 लाख 20 हजार, वर रोहयोची मजुरी. 25 चौरस मीटर, म्हणजे 269 फूट. त्यात दोन खोल्या, पाच माणसं आणि एक शिलाई मशीन. बाहेरून प्लास्टर करायला पैसे उरले नाहीत, विटा उघड्याच आहेत. पुण्याच्या भाषेत ती फॅशन झाली म्हणायची.

आतून मात्र बायकोनं एक भिंत गुलाबी रंगवली आहे. एकच, कारण डबा एकच आणला होता. त्या भिंतीपुढं पोरीचा वाढदिवस केला, फोटो काढले. साधा चुना मारा म्हणणाऱ्यांनी तो फोटो पाहायला पाहिजे होता.

काळी_कसदार

@घरकुलवाला, हे वाचून माझी "साधा चुना" वाली ओळ मलाच टोचली.

@वानरसेना, दाराच्या बाबतीत मी गुन्हेगार आहे. जुन्या घराची सागवानी चौकट, पितळी कडी, दाराच्या फळीवर आजोबांनी खिळ्यानं कोरलेला पेरणीचा हिशोब, सगळं चार हजारात देऊन टाकलं. टेंपोत चढवताना वाटलं, पण तोपर्यंत पैसे हातात घेतले होते.

दुसरा_मुलगा

नमस्कार. मीच तो धाकटा भाऊ. दादानं ही चर्चा घरच्या ग्रुपवर टाकली, बहुतेक मला समजावायला.

दादा यवतमाळला नोकरीला आहे, शनिवार-रविवार येतो. "आम्ही सपरीत झोपलो" मध्ये तो चार रात्री होता. कापूस मी वेचून आणतो, मीच भरतो, खाज मला सुटते. म्हणूनच मला एक खोली अशी पाहिजे जिथं कापूस येणार नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की वावर दिसू नये, वावराचा वास येऊ नये. दादाच्या यवतमाळच्या फ्लॅटला पीओपी आहे. तिथं त्याला उंदीर आठवले नाहीत.

खिडकीचं मिस्त्री काकांचं पटलं, ती बुजवणार नाही. राखाडी रंगही सोडतो, आई म्हणते राखेसारखा दिसतो. लूवर्स लावणार.

चुलीपुढची

आता कुठं रंगलं. बरोबर बोललात भाऊ. पण तुमच्याही पोस्टमध्ये वहिनी नाहीत.

धुऱ्यावरचा

दोघाही भावाले पकडलं ताईनं 😂 काळी कसदार, तुमचं फ्लॅटचं त सांगा राजेहो.

काळी_कसदार

फ्लॅटला पीओपी बिल्डरनंच करून दिलं होतं. हे उत्तर लंगडं आहे, मला माहीत आहे.

काल दोघींना विचारलं, माझ्या बायकोला आणि भावाच्या. छताबद्दल दोघीही काही बोलल्या नाहीत. तिथं राहते धाकटी, म्हणून तिचं आधी सांगतो. ओटा ठेकेदार 34 इंच करतो आहे, ती उंचीनं लहान, तिला 31 पाहिजे. तिनं पाटावर पाट ठेवून मोजून दाखवलं. मागच्या दाराला टिनाची सपरी आणि तिथं चूल, कारण गॅसवर इतक्या माणसांच्या भाकरी होत नाहीत. ज्वारीची कोठी ठेवायला स्वयंपाकघरात एक कोपरा मोकळा, तिथं कपाट नको. आणि बाथरूमची खिडकी वर, ठेकेदारानं ती रस्त्याकडं छातीच्या उंचीला काढली आहे. माझी बायको म्हणाली, हिचं होऊ द्या आधी.

खिडकीची चौकट अजून पक्की बसवलेली नाही. मिस्त्रीला उद्या सकाळी बोलावलं आहे. कापसासाठी मागं वेगळी टिनाची खोली काढायची म्हटली तर किती खर्च येईल, थापी_ओळंबा काका, अंदाज सांगा. 12 बाय 15, तळाला मुरूम, तीन बाजूंनी विटा.

थापी_ओळंबा

चौथी बाजू काय ठेवता ते सांगा आधी. दार बैलगाडी मागं लागेल एवढं पाहिजे की मजूर डोक्यावर आणणार? त्यावर लोखंडाचा हिशोब आहे. आणि 34 चा ओटा ओतला नसेल तर आज रात्रीच फोन करा, सकाळची वाट पाहू नका.