खमंग म्हणजे तुमच्या घरी काय?

काल खालच्या मजल्यावर कोणीतरी थालीपिठाची भाजणी भाजत होतं. जिन्यात वास आला आणि हातातल्या पिशव्यांसकट मी तशीच उभी राहिले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, सगळं वेगवेगळं भाजायची, धने शेवटी. किती वेळ भाजू विचारलं की एकच उत्तर, "खमंग वास येईस्तोवर." मिनिटं कधी सांगितली नाहीत. तुमचेही अनुभव लिहा ना.

—

बेसनाचे लाडू!! रंगावर जाऊ नका, कच्चट राहिलं की टाळूला चिकटतं. तूप सुटून बेसन सैल झालं की वास येतो. पहिल्या दिवाळीला मी घाई केली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, परत कढई चढवून भाजत बसल्या. नशीब, साखर घालायची होती अजून.

—

आम्ही म्युनिकला असतो. लेकीने विचारलं, खमंग काकडी कच्चीच असते ना, मग खमंग कशी? दोन दिवस मला सांगता आलं नाही.

—

अगं दाण्याचं कूट! भाजलेले दाणे आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी, खमंगपणा त्यांचा. काकडी चोचवून घे, किसू नकोस. मीठ आयत्या वेळी, पाणी सुटतं.

—

रसायनशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली हे मांडलं. साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापली की तांबूस रंग येतो आणि हा वास सुटतो. पाण्यात उकळताना १०० अंशांच्या वर जाता येत नाही, म्हणून उकडलेलं खमंग होत नाही. मोदकाला कोणी खमंग म्हणतं का?

—

तळणीच्या मोदकाला म्हणतात की सर 😊

—

खमंग आणि करपट यात एका फोनचं अंतर. दाणे गॅसवर आहेत, पळते

—

ताई, आईंचं वाचून डोळे भरले. माझ्याही आईचं असंच, सगळं नाकावर. भाजणीचं प्रमाण द्याल का? पोहे घालता?

—

पोहे नाही घालत. तांदूळ, बाजरी, ज्वारी अर्धा-अर्धा किलो, हरभरा डाळ आणि उडीद पाव-पाव किलो. आईच्या वहीत धन्यांपुढे नुसतं "मूठभर" लिहिलंय. मूठ तिची, माझी लहान आहे. मी दोन घेते.

—

गिरणीत सांगा हं, गव्हावर दळू नका म्हणावं. आमची एकदा मिरचीवर दळली होती.