लास वेगासच्या कॅसिनो रिसॉर्टात पैसे कुठे गळतात, कुठे वाचतात : अनुभव धागा

रानजाई (धागाकर्ती)

थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की बे एरिया, लॉस एंजेलिस, फिनिक्सकडची बरीच मराठी कुटुंबं गाडी काढून वेगास गाठतात. बरोबर मुलं असतात, भारतातून आलेले आईबाबा असतात. खोली ४९ डॉलरला मिळाली म्हणून खुशीत जावं आणि निघताना अडीच-तीन पट बिल भरावं, असं होऊ नये म्हणून हा धागा. ज्यांना तिथले व्यवहार पक्के ठाऊक आहेत त्यांनी लिहा. प्रवासवर्णन नको, आकडे द्या, काय करायचं ते क्रमाने सांगा, कुठे चुकतं ते सांगा.

खोलीपासून सुरुवात करते. स्ट्रिपवरच्या (वेगासमधला कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता) बहुतेक रिसॉर्टांत भाड्याखेरीज रोजची 'रिसॉर्ट फी' असते. वायफाय, जिम वगैरेंच्या नावाने ती लावतात. तुम्ही काही वापरा न वापरा, द्यावीच लागते. मोठ्या हॉटेलांत ती साधारण ४० ते ५५ डॉलर. त्यावर १३.३८ टक्के कर, आणि तो फीलाही लागतो. म्हणजे ४९ अधिक ५० झाले ९९, करासकट ११२. गाडीच्या पार्किंगचे २० धरले तर १३२. १२ मे २०२५ पासून सक्तीची फी धरूनच दर दाखवावा असा अमेरिकेत नियम आहे, त्यामुळे जुनी फसगत कमी झाली. पण कर आणि पार्किंग त्या आकड्यात नसतात. दोन हॉटेलांची तुलना करायची ती पैसे भरायच्या पानावरच्या एकूण रकमेची.

हिल्टनच्या खोल्या पूर्णपणे पॉइंट्सवर घेतल्या तर रिसॉर्ट फी लागत नाही. स्ट्रिपवरच्या रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये हिल्टन आणि त्यांचंच कॉनरॅड, दोन्ही हॉटेलं आहेत. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स पडून असतील तर इथे त्यांचं चांगलं चीज होतं.

वाळूघड्याळ

दिवस आधी ठरवा, हॉटेल नंतर. वेगासचे दर विमानाच्या तिकिटासारखे हलतात. रविवार ते गुरुवार स्वस्त, शुक्र-शनि महाग, आणि एकाच खोलीच्या दरात दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो.

मोठी अधिवेशनं असली की आठवड्याच्या मधले दिवसही चढतात. जानेवारीच्या सुरुवातीला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन, नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाड्यांच्या सुट्या भागांचं सेमा प्रदर्शन, २०२३ पासून नोव्हेंबरातच फॉर्म्युला वन शर्यत, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राष्ट्रीय रोडिओ (काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या स्पर्धा). शहराच्या पर्यटन मंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनांचं कॅलेंडर असतं, ते उघडून मगच तारखा पक्क्या करा. रोडिओ संपल्यापासून नाताळपर्यंतचे दिवस वर्षातल्या सगळ्यात स्वस्त दिवसांत मोडतात. मात्र थंडीत बऱ्याच हॉटेलांचे तलाव बंद असतात. मुलांना पोहायचं म्हणून जाणार असाल तर 'तलाव कोणत्या महिन्यात उघडा' हे हॉटेलला विचारूनच घ्या. जुलै-ऑगस्टात तलाव उघडे आणि दर उतरलेले असतात, पण ऊन जीवघेणं. ७ जुलै २०२४ ला तिथे ४८.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. आईबाबांना दुपारी स्ट्रिपवर चालवत नेऊ नका.

बुकिंग थेट हॉटेलच्या संकेतस्थळावर आणि रद्द करता येईल अशा दराने करा. त्याआधी त्यांचं फुकटचं सदस्यत्व घ्या. लॉगिन केल्यावर वेगळा दर दिसतो. मग दर आठवड्याला त्याच तारखा पुन्हा बघायच्या. दर उतरला तर नवीन बुकिंग आधी पक्कं करायचं, जुनं मग रद्द करायचं. हा क्रम उलटा केला तर मधल्या वेळात खोली जाऊ शकते. रद्द करण्याची मुदत ४८ तास आहे की ७२, हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं.

हिशेबी

चेक-इनला डेबिट कार्ड देऊ नका. खोलीभाड्याखेरीज अनामत म्हणून रोजचे ५० ते १५० डॉलर कार्डावर अडकवतात. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादा अडते. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि खोली सोडल्यावर सुटायला काही दिवस लागतात. भारतातल्या कार्डांवर याहून उशीर होतो.

कॅसिनोतल्या एटीएमला हात लावू नका, एका वेळचं शुल्क ८-१० डॉलर किंवा त्याहून जास्त असतं. क्रेडिट कार्डावर तिथे रोख काढली तर कॅश ॲडव्हान्सचं शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. लागणारी रोकड घरून आणा.

खोलीतल्या मिनिबारच्या ट्रेला बऱ्याच ठिकाणी सेन्सर असतात. वस्तू उचलून काही सेकंद बाजूला ठेवली तरी बिलात लागते. लहान मुलं असतील तर ट्रे आणि मिनिबार बंद करून द्यायला सांगा. स्वतःच्या औषधासाठी किंवा दुधासाठी फ्रिज हवा असेल तर तो वेगळा मागवावा लागतो. वैद्यकीय कारण सांगितलं तर त्याचे पैसे सहसा लावत नाहीत.

पत्तेपान

जुगाराबद्दल स्पष्ट लिहितो, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. खेळायचंच असेल तर तो करमणुकीचा खर्च धरा आणि तासाला किती पडतो ते आधी काढा. सूत्र सोपं आहे: एका डावाची रक्कम, गुणिले तासाचे डाव, गुणिले कॅसिनोचा वाटा (लावलेल्या रकमेतला सरासरी जितका टक्का कॅसिनोकडे राहतो तो).

ब्लॅकजॅकच्या टेबलावर कापडावरच छापलेलं असतं, ३ ला २ की ६ ला ५. दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागला तर पहिल्या टेबलावर १५ मिळतात, दुसऱ्यावर १२. एवढ्याशा फरकाने कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. तासाला ७० डाव आणि १५ डॉलरचा डाव धरा, म्हणजे १,०५० डॉलर टेबलावरून फिरले. नीट खेळणाऱ्यालाही ६ ला ५ च्या टेबलावर साधारण २ टक्के, म्हणजे तासाला २१ डॉलर सरासरी खर्च. ३ ला २ च्या टेबलावर ०.६ टक्के, म्हणजे ६ डॉलर. स्ट्रिपवर कमी रकमेची टेबलं बहुतेक ६ ला ५ चीच असतात. फ्रीमाँट स्ट्रीटकडच्या जुन्या भागात, उदाहरणार्थ एल कॉर्टेझमध्ये, कमी रकमेत ३ ला २ मिळू शकतं.

रूलेटमध्ये चाकावरची शून्यं मोजा. एक शून्य असेल तर वाटा २.७० टक्के, दोन असतील तर ५.२६, आणि २०१६ पासून स्ट्रिपवर पसरलेल्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९. क्रॅप्स या फाशांच्या खेळात पास लाइन या साध्या पैजेवर १.४१ टक्के, बॅकरात या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूवर १.०६. त्याच बॅकरातमधल्या 'टाय'वर (बरोबरीवर) मात्र १४ टक्क्यांच्या वर जातो. साइड बेट (मुख्य डावाखेरीजची जादा पैज) नावाचे जे छोटे गोल टेबलावर असतात, त्यांत काहीही ठेवू नका.

कोणत्या हातावर पान घ्यायचं, कोणत्यावर थांबायचं याचा छापील तक्ता हॉटेलच्या दुकानात मिळतो आणि टेबलावर समोर ठेवून खेळायला सहसा कोणी अडवत नाही. लाजू नका, ठेवा.

रानजाई

@पत्तेपान, मग एक शून्याच्या टेबलावर किमान रक्कम जास्त असते त्याचं काय?

पत्तेपान

बरोबर, जास्तच असते. पण हिशेब करून बघा. तासाला ४० फेऱ्या धरल्या तर तीन शून्यांवर १५ डॉलरचे तासाला ४६ जातात. एक शून्यावर २५ लावूनही २७ च जातात. फक्त एक आहे, २५ च्या टेबलावर चढउतार मोठे असतात. खिशात १०० डॉलर घेऊन बसलात तर अर्ध्या तासात उठावं लागू शकतं. १०० च खर्चायचे असतील तर क्रॅप्सच्या पास लाइनवर किमान रक्कम लावा, किंवा नुसतं बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

कढीपत्ता

कॅसिनोचं प्लेअर्स कार्ड (तुमचा खेळ नोंदवणारं सदस्यत्वाचं कार्ड) फुकट असतं, ते जरूर काढा. पण 'कॉम्प' (कॅसिनोकडून मिळणारं फुकट जेवण किंवा खोली) मिळावेत म्हणून जास्त खेळू नका. कॉम्प ठरतात ते वर पत्तेपान यांनी दिलेल्या सूत्रानेच. तुम्ही प्रत्यक्षात किती हरलात ते नव्हे, तुमच्याकडून सरासरी किती मिळायला हवे ते कॅसिनो धरतं आणि त्यातला थोडा भाग जेवण किंवा खोलीच्या रूपात परत देतं. फुकट जेवणासाठी खेळणं म्हणजे त्या जेवणाची किंमत कित्येक पटींनी मोजणं. टेबलावर बसण्याआधी कार्ड द्यायचं. नंतर दिलं तर आधीचा वेळ धरत नाहीत.

एमजीएमच्या हॉटेलांत सदस्यत्वाच्या पर्ल श्रेणीला सेल्फ पार्किंग फुकट आहे, गोल्डला थेट बुकिंगवर रिसॉर्ट फीही माफ. सीझर्सच्या हॉटेलांत रिसॉर्ट फीची ती माफी डायमंड श्रेणीला आहे.

वहीखाते

आईबाबा पर्यटक व्हिसावर आलेले असतील तर हे वाचाच. स्लॉट मशीनवर मोठा जॅकपॉट लागला की मशीन थांबतं आणि कर्मचारी कागद घेऊन येतो. ही मर्यादा १,२०० डॉलर होती, २०२६ पासून २,००० झाली. परदेशी नागरिकाच्या अशा जॅकपॉटमधून तिथल्या तिथे ३० टक्के कर कापला जातो. काही देशांना करारामुळे सूट आहे, त्यांत भारत नाही. हरलेली रक्कमही त्यातून वजा करता येत नाही. ब्लॅकजॅक, बॅकरात, क्रॅप्स, रूलेट आणि बिग-सिक्स चाक यांवरची जिंकलेली रक्कम मात्र परदेशी नागरिकाला या करातून मोकळी आहे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: जिंकलेली रक्कम पूर्ण उत्पन्नात धरावी लागते, आणि हरलेली फक्त वजावटी एकेक मांडणाऱ्यालाच दाखवता येते. ठरावीक वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

२१ वर्षांखालच्यांना खेळायला बंदी आहे. मुलं बरोबर असतील तर कॅसिनोच्या मजल्यावरून चालत जाता येतं, मशीनजवळ उभं राहता येत नाही. डाउनटाउनच्या सर्का हॉटेलात तर २१ खालच्यांना प्रवेशच नाही, तिथे चुकून बुकिंग करू नका.

खमंग

शाकाहारी घरांसाठी: ८० डॉलरच्या आसपासचे मोठे बुफे घेऊ नका. ती किंमत खेकड्याचे पाय आणि भाजलेल्या मांसाची असते. भात, पास्ता, सॅलड आणि गोडाधोडावर ते पैसे वसूल होत नाहीत.

स्ट्रिपवरच्या बहुतेक खोल्यांत कॉफी मेकर नसतो, मायक्रोवेव्हही नसतो. मेथीचे ठेपले, दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या तीन दिवस टिकतात. झटपट उपमा-पोह्यांना उकळतं पाणी लागतं, तेव्हा छोटी केटल बरोबर हवी, आणि ती अमेरिकेतच घेतलेली. भारतातली २३० व्होल्टची केटल तिथल्या १२० व्होल्टवर जेमतेम चौथाई ताकदीने चालते. १,५०० वॅटची ४०० वॅटची होते आणि लिटरभर पाण्याला पंधरा मिनिटं घेते. इंडक्शन किंवा राइस कुकर खोलीत चालत नाही, धुराचा गजर वाजला तर दंड बसतो.

पाण्याच्या बाटल्या हॉटेलच्या दुकानातून घेऊ नका. स्ट्रिपवर वॉलग्रीन्स, सीव्हीएस आहेत, एमजीएम ग्रँडजवळ टार्गेट आहे. २४ बाटल्यांचा गठ्ठा हॉटेलच्या दोन बाटल्यांच्या भावात येतो. चार-पाच दिवस राहायचं असेल तर स्वयंपाकघर असलेली कॅसिनोविरहित हॉटेलं बघा, आईबाबांच्या पथ्याचा प्रश्नही मिटतो.

पाऊलवाट

विमानतळावरून टॅक्सीला स्ट्रिपच्या विभागांनुसार ठरलेले दर आहेत. बसण्याआधी 'फ्लॅट रेट' म्हणून सांगा आणि आकडा वदवून घ्या. गाडी बोगद्यातून महामार्गाकडे वळली तर तो लांबचा रस्ता आहे.

स्ट्रिपवर फिरायला ड्यूस नावाची दुमजली बस चोवीस तास धावते, दिवसाचा पास ८ डॉलर आणि फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंत जाते. संध्याकाळी मात्र रहदारीत अडकते. फुकटच्या ट्रॅम दोन: मँडले बे ते एक्सकॅलिबर, आणि पार्क एमजीएम ते बेलाजिओ. नकाशावर 'शेजारचं' दिसणारं हॉटेल पुलांवरून वीस मिनिटं चालायला लावतं, ज्येष्ठांसाठी हे आधी मोजा.

गाडी सगळे दिवस ठेवू नका. रेड रॉक कॅन्यन, हूवर धरण असं एका दिवसात करायचं असेल तेवढ्यापुरती भाड्याने घ्या. रेड रॉकला ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण लागतं. स्वतःची गाडी असेल तर ऑर्लीन्स, साउथ पॉइंटसारखी स्ट्रिपबाहेरची हॉटेलं परवडतात, तिथे पार्किंग फुकट आहे.

फुकट आणि खरोखर बघण्यासारखं: बेलाजिओचं कारंजं (रात्री ८ नंतर दर १५ मिनिटांनी), त्याच हॉटेलातली ऋतूनुसार बदलणारी फुलांची बाग, फ्लेमिंगोतले पक्षी, फ्रीमाँट स्ट्रीटवरचं प्रकाशाचं छत. मिराजचा ज्वालामुखी शोधू नका, ते हॉटेल १७ जुलै २०२४ ला बंद झालं.

निशिगंध

सर्क द्यु सोलेल या सर्कस कंपनीचे खेळ बघायचे तर त्यांतला 'मिस्तेर' सहसा सगळ्यात स्वस्त असतो. ऑनलाइन शुल्क जोडण्याआधी तिकीट खिडकीवरचा भाव विचारा. त्याच दिवसाची उरलेली तिकिटं स्ट्रिपवरच्या सवलतीच्या खिडक्यांवर मिळतात.

फुटपाथवर 'दोन तिकिटं फुकट, फक्त दोन तास बसा' म्हणणारे टाइमशेअर (सुट्टीच्या घराची दरवर्षीच्या ठरावीक दिवसांपुरती मालकी) विकत असतात. तो वेळ चार तासांचा होतो आणि वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं जड जातं. सही झालीच असेल तर नेवाडात करार झाल्यापासून पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी रद्द करता येतं. तोंडी चालत नाही, पोस्टाची पावती जपा.

मांडवीकाठ

गोव्याला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. खरी माणसं पत्ते वाटतात ती टेबलं फक्त मांडवीतल्या जहाजांवर आहेत. जमिनीवरच्या कॅसिनोत कायद्याने इलेक्ट्रॉनिक खेळच. प्रवेशाच्या पॅकेजात जेवण आणि चिप्स (पैशाऐवजी खेळात लावायच्या चकत्या) येतात, पण त्यातल्या बऱ्याच चिप्स एकदाच लावता येतात, रोख करता येत नाहीत. दर बघताना त्या वजा करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे.

हिशेबी

एक राहिलं. निघण्याच्या आदल्या रात्री टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खोलीचं बिल उघडा. मिनिबार, लवकर चेक-इन, दुसऱ्याच्या खोलीवरचं जेवण असलं काही चुकून लागलं असेल तर त्याच वेळी खाली जाऊन काढून घ्या. सकाळी ११ ला रांग लांब असते. दुरुस्त झालेल्या बिलाची प्रत ईमेलवर मागवा.